दैवशालाच्या फायलीतली उलटी पानं

१

सोमवारी सकाळी दहाला नळ आला आणि दैवशालाचा करारनामा गेला. दोन्ही एकाच वीस मिनिटांत.

नळ आठ दिवसांनी आला होता. जालन्यात मस्तगडच्या त्या गल्लीत नळ आला की कुणी कुणाचा साहेब राहत नाही, सगळे हंडे घेऊन खाली धावतात. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बायकांसाठी मोफत कायदा केंद्र आहे. तिथलेही धावले. सगळ्यात आधी केशरबाई धावली, आणि धावण्याच्या नादात फायलींच्या कपाटाची किल्ली कपाटालाच राहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

केशरबाई केंद्राच्या फायली सांभाळते. वय पंचावन्नच्या आसपास, नक्की तिलाही ठाऊक नाही. नवऱ्यानं कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन तिला घराबाहेर काढलं होतं. ती या केंद्रात रडत आली, केस जिंकली आणि इथंच राहिली. लिहिता-वाचता येत नाही. तरी दोनशेवर फायली तिला अंधारातसुद्धा सापडतात, कारण प्रत्येक फाईल ती त्या त्या बाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधते. पाहणीला येणारे साहेब लोक चिंध्या बघून हसतात. हसोत. त्यांच्या ऑफिसात फाईल सापडायला महिना लागतो.

पाणी भरून झाल्यावर बुद्धभूषणनं जांभळ्या काठाची चिंधी सोडली. बुद्धभूषण केंद्रातला तरुण वकील, सनद मिळून वर्ष झालेलं. केशरबाई शेजारी पदरानं हात पुसत उभी होती. दुपारी कोर्टात न्यायचे कागद तो एकेक करून बाहेर काढू लागला. दैवशालाच्या आधारकार्डाची झेरॉक्स निघाली. मग अर्ज निघाला तो उलटा, त्यानं फिरवून सरळ केला. लग्नाचा फोटो सरळ होता. दवाखान्याचा कागद पुन्हा उलटा. खोलीचा भाडेकरार निघाला, स्टॅम्प पेपरवरचा, तो सरळ. शाळेचा दाखला उलटा.

"मावशी, कशी ठेवलीत ही पानं," तो वैतागून म्हणाला.

 शनिवारी केशरबाईनं स्वतः टायपिंग करणाऱ्या मोनालीसोबत एकेक पान लावून घेतलं होतं. सगळी सरळ होती.

बुद्धभूषणनं फाईल झटकली, पुन्हा तळापासून चाळली. मग खुर्चीत बसला.

"करारनामा न्हाई," तो म्हणाला.

२

हा कागद म्हणजे दैवशालाची पोरगी, असंच समजा.

दैवशाला मंठ्याजवळच्या एका गावची. तिचा नवरा बबलू तिला मारायचा. का मारायचा, असं विचारू नका, त्याचं उत्तर मारणाऱ्यांपाशीही नसतं. दोन वर्षांपूर्वी माहेरच्या गावातल्या तंटामुक्ती समितीनं त्याच्याकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, की मी बायकोला मारहाण केली, पुन्हा हात उचलणार नाही, उचलला तर पोरगी आईकडे राहील. खाली त्याची सही आणि साक्षीदाराची सही. चार महिन्यांत त्यानं तिचं मनगट मोडलं. ती पोरीला घेऊन जालन्यात आली, बियाणांच्या कारखान्यात पिशव्या भरू लागली. सहा वर्षांची आकांक्षा सुट्टीत आजोळी आजीकडं गेली होती, तिथून बबलूनं तिला उचलून नेलं. त्याला सात महिने झाले.

आता तो कोर्टात म्हणत होता की असा करारनामा झालाच नाही, झेरॉक्स बनावट आहे. कोर्टानं सांगितलं होतं, सोमवारी दुपारी मूळ कागद दाखवा, ही शेवटची संधी. पोरीलाही त्याच दिवशी हजर करायचं होतं.

अॅडव्होकेट अंबरीन मॅडम अकराला आल्या. केंद्र त्यांचंच. वडील गयासोद्दीन वकील वारले, त्यांचा काळा कोट त्यांनी खुंटीला लटकू दिला नाही, स्वतःच्या मापाचा करून घेतला. कागद गेल्याचं ऐकून त्या ओरडल्या नाहीत. घड्याळ बघून म्हणाल्या, पोलिसात गेलो तर नुसत्या जबाबात संध्याकाळ होईल. दोनच्या आत कागद सापडला तर सापडला.

"केशरबाई, कपाट तुमचं. तुम्हीच शोधा. जल्दी."

खाली पाणी भरताना वर कोण कोण आलं होतं? केशरबाईनं एकेकाला विचारलं. बुद्धभूषण भरलेल्या घागरी ठेवायला दोनदा आला होता. मोनाली फोन वाजला म्हणून एकदा आली होती. आणि बाहेरच्या बाकावर पूर्ण वेळ काकासाहेब बसले होते.

काकासाहेब दैवशालाचे चुलते. तिचे वडील गेल्यापासून तिच्या मागं उभे असलेले, निदान सगळे तसं म्हणायचे. पांढरं धोतर, बंडी, वर टोपी. तंटामुक्तीचे तेव्हाचे अध्यक्ष तेच, आणि करारनाम्यावर साक्षीदाराची एकच सही होती, तीही त्यांचीच. पुतणीच्या तारखेसाठी पहाटेच्या एसटीनं आले होते. केशरबाई पहिला हंडा घेऊन धापा टाकत वर आली, तेव्हा ते वर्तमानपत्र पसरून बसले होते. पहिल्या पानावरचा फोटो त्यांनी तिला दाखवला होता.

"बघा केशरबाई, मंठ्यात रस्ता रोको चालू झाला. कोण कोणाला विचारून नाही राह्यलं आता."

कोण आलं-गेलं ते आता काकासाहेबांनी बिनचूक सांगितलं, पोरगं दोनदा, पोरगी एकदा. सांगताना डावा हात छातीवर दाबून धरला होता. मोनालीनं विचारलं, काका दुखतंय का? गॅस झालाय म्हणाले. तिनं गोळी दिली, ती त्यांनी मुकाट्यानं गिळली.

साडेअकराला दैवशाला आली. तिला सांगायचं कुणी, म्हणून सगळे एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी मॅडमनी सांगितलं. दैवशाला रडली नाही. तिच्या हातात एक पिशवी होती. त्यात पोरीचा नवा फ्रॉक होता. ती पिशवी तिनं बाकाखाली सरकवली, कुणाला दिसू नये अशी.

३

संशय घ्यायला कारणं लागतात, आणि कारणं दोघांकडंही निघाली.

बबलूच्या वकिलानं बुद्धभूषणला आपल्याकडं काम करायला बोलावलं होतं. हे त्यानं मॅडमना सांगितलंच नव्हतं, आता मान खाली घालून सांगितलं. मोनालीला मागच्या आठवड्यात जिन्यात बबलूशी बोलताना चपलांच्या दुकानदारानं बघितलं होतं. ती म्हणाली, तो तारीख विचारत होता, मी त्याला खाली उतर म्हणाले, हेच बोलणं. बुद्धभूषण मोनालीकडं बघेना, मोनाली त्याच्याकडं बघेना. वर्षभर एका डब्यातून जेवणारी पोरं, एका तासात परकी झाली. चोरी झाली की पहिलं नुकसान हे होतं.

काकासाहेब मधेमधे बोलत होते. आजकालच्या पोरांचं काय सांगावं, वगैरे. मॅडमनी करारनाम्याची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. म्हणाल्या, नीट वाचून सांगा, मूळ कागदात आणि यात काही फरक आठवतो का? काकासाहेबांनी कागद धरला आणि लगेच परत केला.

"चष्मा गावाकडं राह्यला, मॅडम. तुमीच वाचा."

मॅडम म्हणाल्या, मूळ कागद नाहीच मिळाला तर निदान साक्षीदार म्हणून तुम्ही तरी उभे राहाल ना? काकासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. दोन वर्षं झाली, बराबर आठवत न्हाई, असं काहीतरी पुटपुटले.

केशरबाई तेवढ्यात फायलीपाशी गेली होती. पानं तिच्या डोळ्यापुढून हलत नव्हती. आधारकार्ड सरळ, फोटो सरळ, भाडेकरार सरळ. अर्ज उलटा, दवाखान्याचा कागद उलटा, दाखला उलटा. तिनं पुन्हा पुन्हा बोटांवर मोजलं. 

हे तिला ठाऊक होतं. हे तिचंच होतं. अकरा वर्षांपूर्वी इथं आली तेव्हा ती पानं अशीच लावायची. आधारकार्डावर तोंड असतं, डोकं वर धरायचं. स्टॅम्प पेपरावर वर चित्र असतं. पण ज्या कागदावर नुसती अक्षरं, तो कसा धरायचा? सगळ्या मुंग्याच. मॅडमनी तेव्हा न हसता शिकवलं होतं, की गोल शिक्का खाली येतो.

सांगावं की न सांगावं, असं तिला क्षणभर झालं. सांगितलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. तरी ती बाहेरच्या खोलीत आली आणि सगळ्यांसमोर बोलली.

"मॅडम, चोराला वाचता येत न्हाई."

चोरानं उपसून परत लावलेली पानं तिनं दाखवली. बुद्धभूषण म्हणाला, घाईत उलटी पडली असतील.

"घाईत पडली असती तर फोटोची पण पडली असती. चित्राची तेवढी सरळ कशी पडतील? वाचणाऱ्याचा हात कागद आपोआप सरळ करतो, बाबा. तू मघाशी केलास की. तुला कळलं पण न्हाई."

 बुद्धभूषणनं पानांकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"मावशी, पण इथं वाचता न येणारं कोण हाय?"

"मी," केशरबाई म्हणाली.

४

काकासाहेबांना एवढंच पाहिजे होतं. अडाणी बाईच्या हातात किल्ल्या दिल्यावर दुसरं काय होणार, ते म्हणाले. कुणी चार गोड शब्द बोललं असेल, बाई भुलली असेल. माझ्या पुतणीचं वाटोळं झालं, त्याला जबाबदार कोण?

अडाणी म्हणजे अंगठेबहाद्दर, म्हणजे कुणाच्याही मागं जाणारी. या हिशेबानं शिकलेल्या लोकांनी आजवर किती बायकांना लुटलं ते बघायचं असेल तर त्या कपाटातल्या दोनशे फायली बघा. एकीचाही नवरा अंगठेबहाद्दर असल्यामुळं मारणारा नव्हता.

मॅडमनी हात पुढं केला. "केशरबाई, किल्ली द्या."

केशरबाईनं कमरेची किल्ली सोडली आणि दिली. मॅडमचा चेहरा वाचायला तिला कधी अक्षरं लागली नव्हती, पण आज तो चेहरा बंद होता. ती आतल्या खोलीत जाऊन पाण्याच्या हंड्यापाशी खाली बसली. बारा वाजून गेले होते.

थोड्या वेळानं दैवशाला आत आली. तिच्या शेजारी बसली. 

"मावशी, मला न्हाई वाटत तुमी केलं म्हणून," ती म्हणाली. "माझंच नशीब असंय. मागं नोटीस आली तवा पण असंच झालं."

केशरबाईनं विचारलं, कसली नोटीस? दैवशालानं सांगितलं. बबलूच्या वकिलाची नोटीस गावाकडं तिच्या आईच्या पत्त्यावर आली होती. आईला वाचता येत नाही, दैवशाला इकडं जालन्यात. आई काकासाहेबांकडं गेली. त्यांनी वाचून सांगितलं, काही काळजी करू नको, तडजोडीचं हाय. नोटिशीत होतं वेगळंच, की पंधरा तारखेला पोरीला न्यायला येतोय. पंधरा तारखेला तो खरोखर आला. ती नोटीस नंतर मॅडमनी वाचली तेव्हा कळलं. काका म्हणाले, वाचताना नजरचूक झाली.

बाहेर मोनाली आणि बुद्धभूषण पुन्हा बोलू लागले होते. चोर आपल्यातला नाही म्हटल्यावर जीव हलका झाला असावा. पोरगा काकासाहेबांचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होता. मंठ्याला सोयाबीनच्या नोंदणीसाठी शेतकऱ्यांची लांबच लांब रांग, ट्रॅक्टरसह पहाटेपासून उभे.

केशरबाईनं मान वर केली.

"दैवशाला, पहिल्या पानावर रस्ता रोकोची बातमी हाय का गं? बघून ये."

दैवशाला सातवी शिकलेली. बघून आली. नाही म्हणाली. रस्ता रोको कुठंच नाही, रांगेचाच फोटो आहे.

रांगेचा फोटो. माणसं उभी, मागं ट्रॅक्टर. ज्याला खालच्या ओळी वाचता येत नाहीत, त्याला रस्ता रोकोच वाटणार. आणि सकाळी पेपर वाचायला ज्याला चष्मा लागला नाही, त्याचा चष्मा झेरॉक्स वाचायच्या वेळी गावाकडं राहतो. चष्मा घरी राह्यला, हे वाक्य केशरबाईनं स्वतः बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात शंभर वेळा म्हटलं होतं. तिच्याकडं चष्मा कधी नव्हताच.

पण एक अडत होतं. फायलीत स्टॅम्प पेपर दोन होते, करारनामा आणि खोलीचा भाडेकरार. दोन्ही एकाच रंगाचे, वर तेच चित्र. तिनं स्वतःला विचारलं, केशरबाई, तू चोर असतीस तर काय केलं असतंस? उत्तर लगेच आलं. मी दोन्ही नेले असते. मला कुठला फरक कळतोय.

चोरानं नेमका एकच नेला. म्हणजे वाचता येत नसताना त्याला त्या कागदावरचं काहीतरी ओळखू आलं. रोज गिरवलेलं, हाताला पाठ झालेलं, आयुष्यात येणारं तेवढं एकच काहीतरी.

केशरबाई उठली. दारातून तिनं बाहेर बघितलं. काकासाहेब बाकावर बसले होते. एवढ्या उकाड्यात पुढं वाकून, डावा हात अजून छातीवर.

५

तिनं मोनालीला आत बोलावलं आणि चार ओळी टाईप करायला सांगितल्या. मोनाली टाईप करता करता थांबली. वर बघितलं.

"मावशी, हे खरंच लिहू?"

"जसं बोलून राह्यले तसंच लिही. वर चित्रबित्र काही टाकू नको."

मॅडमना तिनं काहीच सांगितलं नाही. फक्त म्हणाली, कागद हरवल्याचा पंचनामा तरी करा, कोर्टाला दाखवायला. एका वजनदार माणसाची सही घ्या. मॅडमनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं आणि काही न विचारता मान हलवली. अकरा वर्षांची ओळख अशा वेळी कामाला येते.

कागद घेऊन केशरबाई काकासाहेबांपुढं उभी राहिली.

"काकासाहेब, तुमची सही पायजे. गावचे जबाबदार माणूस तुमीच. पण वाचून, समजून करा, मंग नंतर काही नको."

काकासाहेब म्हणाले, चष्मा नाही ना.

"सकाळी पेपर तर वाचत होते की," केशरबाई साधेपणानं म्हणाली. "रस्ता रोकोची बातमी तुमीच सांगितली मला. हे तर पेपरापेक्षा मोठ्या अक्षरात हाय. का मोनालीला वाचायला लावू?"

सगळे बघत होते. पुतणी बघत होती. काकासाहेबांना दोनच वाटा होत्या. मला वाचता येत नाही म्हणायचं, नाहीतर वाचायचं. पंचवीस वर्षं ज्यानं पहिलं म्हणायचं टाळलं, तो आज कसा म्हणणार? त्यांनी कागद हातात घेतला. ओठ हलवले. बोट ओळींवरून फिरवलं, बरोबर चार ओळींवरून, मधे एकदा थांबून मान डोलावली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "चांगलं लिव्हलं पोरीनं."

आणि सही केली. ठसठशीत, वळणदार. वर्षानुवर्षं घोटलेली.

केशरबाईनं कागद बुद्धभूषणकडं दिला. म्हणाली, वाच रे बाबा, मला पण ऐकू दे.

बुद्धभूषणनं वाचायला घेतलं, पहिल्याच ओळीला थांबून काकासाहेबांकडं बघितलं, आणि मग मोठ्यानं वाचलं. 

"मी, काकासाहेब, लिहून देतो की दैवशालाच्या फायलीतला करारनामा आज सकाळी मीच चोरला. तो आत्ता माझ्या अंगावरच्या बंडीत आहे. हे मी स्वतः वाचून आणि समजून सही केली."

काकासाहेबांचा उजवा हात झटकन वर गेला आणि बंडीच्या आतल्या खिशावर बसला. कुणीही काही सांगायची गरज राहिली नाही. त्या हातानंच सांगितलं.

मॅडमनी हात पुढं केला, मघासारखाच. "काकासाहेब, कागद द्या."

कागद निघाला. चार घड्या, घामानं ओलसर, पण धड. दोन्ही सह्या जागेवर. सगळं मग फुटलं. काकासाहेबांच्या पोराची सोयरीक बबलूच्या बहिणीशी ठरत होती, आणि बबलूनं अट घातली होती, की आधी तो कागद आणून द्या, मग सुपारी फोडू. कोर्टाच्या आवारात दुपारी द्यायचा होता. सकाळीच फोनवर कळवून टाकलं होतं, काम झालं म्हणून. दोन स्टॅम्प पेपरांतला कुठला, हे त्यांना स्वतःच्या सहीवरून कळलं. दुसऱ्यावर ती नव्हती.

दैवशाला त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, नोटीस," ती म्हणाली. "आईला काय वाचून दाखवलं तुमी?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. या माणसाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पडला, चोरी पकडल्यावरही पडला नव्हता.

"मला वाटलं तडजोडीचंच असल," ते म्हणाले. "तवा माझ्या मनात काही वाईट नव्हतं, पोरी. नुसतं... तुझी आई मोठ्या आशेनं कागद घेऊन आल्ती. न्हाई येत वाचता, कसं म्हणू तिला? गावात सगळे मलाच इच्यारतात."

"तुमची इभ्रत राह्यली," दैवशाला म्हणाली. "माझी पोरगी गेली."

काकासाहेब टोपी हातात घेऊन बसले. केशरबाईला त्यांची दया आली नाही असं नाही. पण दयेपेक्षा संताप मोठा होता, आणि तो तिनं गिळला नाही.

"वाचता न येणं गुन्हा न्हाई, काकासाहेब. मला बी येत न्हाई. मी इच्यारते, बाई काय लिव्हलं? दिवसातून वीस वेळा इच्यारते. लोक हसतात. हसू देते. तुमी एकदा इच्यारलं असतं ना, तर ही पोरगी सात महिने आईवाचून राह्यली नसती. आन् मला अडाणी म्हणता."

एक वाजून गेला होता. मॅडमनी किल्ली केशरबाईच्या हातात परत ठेवली. म्हणाल्या, मघाशी मागितली ती सगळ्यांसमोर मागावी लागली. केशरबाई म्हणाली, बराबरच केलं. मी पण मागितली असती.

टाईप केलेला कागद मॅडमनी घडी करून पर्समध्ये टाकला. कोर्टात याला काडीची किंमत नाही, त्या म्हणाल्या, पण घरी फ्रेम करून लावणार. काकासाहेबांकडं वळून त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. चोरीची तक्रार उद्या होईल, ती टळणार नाही. आणि आज तुम्ही आमच्यासोबत कोर्टात येताय.

६

कोर्टात बबलू पहिल्या बाकावर पाय पसरून बसला होता. शेजारी त्याच्या आईजवळ आकांक्षा, दोन वेण्या घातलेली, भिंतीकडं तोंड करून. दैवशालानं तिला बघितलं आणि भिंतीला हात टेकला.

बबलूच्या वकिलानं जोरात सुरुवात केली. असा कोणताही करारनामा अस्तित्वात नाही, मूळ कागद असता तर आजवर का दाखवला नाही, केंद्राच्या नावाखाली खोटे कागद बनवायचा उद्योग चाललाय. अंबरीन मॅडमनी त्याला पूर्ण बोलू दिलं. तो दम घ्यायला थांबला, तेव्हा विचारलं, सरांचं झालं का? मूळ कागद असेल तर आपली हरकत नाही, असंच ना? वकील म्हणाला, असेल तर. मागं बबलू हसला.

मॅडमनी चार घड्यांचा कागद उलगडून पुढं केला.

बबलूचं हसू एकदम गेलं नाही. आधी त्यानं काकासाहेबांना शोधलं. ते दारापाशी उभे होते, नजर फरशीवर. मग हसू गेलं, आणि पसरलेले पायही जवळ आले. न्यायाधीश बाईंनी कागद दोन वेळा वाचला आणि साक्षीदार हजर आहे का विचारलं. काकासाहेब पिंजऱ्यात चढले. कागद त्यांच्यासमोर धरला गेला.

"मला वाचता येत न्हाई, साहेब," ते म्हणाले. पूर्ण कोर्टाला ऐकू गेलं. गावची चार माणसंही बसली होती. "पण सही माझी हाय. बबलूनं माझ्यासमोर लिहून दिलं. त्यानं माझ्या पुतणीला मारलं व्हतं, म्हणून लिहून घेतलं आमी. खरं हाय ते."

सोयरीक तिथंच मोडली. बबलूच्या आईनं उठून काकासाहेबांना काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिपायानं तिला गप्प बसवलं.

साडेचारला आदेश झाला. मूळ केस चालत राहील, पण पोरगी आजपासून आईकडं. बबलूनं तिच्या घराकडं फिरकायचं नाही. बबलू पुढं येऊन म्हणू लागला, माझी पोरगी आहे, मी नाही सोडणार. पोरगी म्हणजे काय म्हैस आहे, ज्याच्या दावणीला त्याची? न्यायाधीश बाईंनी नुसतं वर बघितलं. तो मागं सरकला.

आकांक्षाला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ती आजीच्या हातातून सुटली आणि बाकांच्या मधून अशी पळाली की एका वकिलाच्या फायली खाली सांडल्या. दैवशाला तेव्हा कुठं रडली. सात महिन्यांचं एकदम.

संध्याकाळी सगळे केंद्रावर आले. बुद्धभूषणनं खालून भजी आणली, मोनालीनं त्याच्याच कागदातून पहिलं उचललं, म्हणजे त्यांचंही मिटलं होतं. त्यानं बबलूच्या वकिलाला फोन करून सांगून टाकलं होतं, की तुमच्याकडं येत नाही, आज तुम्हाला हरताना बघितलं. नव्या फ्रॉकमधली आकांक्षा भजी खात कपाटापुढं उभी होती. फ्रॉक जरा आखूड झाला होता. सात महिन्यांत पोरं वाढतात, आणि आईनं माप आठवणीतनं घेतलं होतं.

केशरबाई आदेशाची नक्कल फायलीत ठेवत होती. कागदावर फोटो नव्हता, चित्र नव्हतं, आणि घाईत दिलेल्या नकलेवर शिक्का बाजूला, भलतीकडंच मारलेला. तिनं कागद अंदाजानं ठेवला.

"आजी," आकांक्षा म्हणाली, "ते उलटं ठेवलंय."

मोनाली दचकली. दैवशालानं पोरीला गप्प करायला हात पुढं केला. केशरबाई मात्र जोरात हसली, एवढी की भज्याचा ठसका लागला. ती कागद घेऊन पोरीपुढं खाली बसली.

"मंग सांग बाई, वरचं कोणतं?"

आकांक्षानं तेलकट बोटांनी कागद फिरवला. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या पोरांसारखं एकेक अक्षर सुटं करून वाचू लागली. आईचं नाव आलं तिथं थांबली, आईकडं बघितलं, आणि पुन्हा वाचलं. या वेळी एका दमात.

केशरबाईनं फाईल मिटली, जांभळ्या काठाची चिंधी दोन वेढे देऊन बांधली, कपाट लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कागदाच्या वरच्या कडेला बोटाचा तेलकट डाग पडला होता. तो तिनं पुसला नाही. पुढच्या वेळी वरची बाजू शोधावी लागणार नव्हती.